कीट्सची ‘इझाबेला’ श्रोत्यांसमोर वाचताना काय गाळावं, काय ठेवावं?

पिंपळपान

आमच्या वाचनगटाचं पुढचं सत्र रोमँटिक काळातल्या कथाकाव्यांतल्या भीषण प्रेमकथांवर आहे. वेळ दीड तास. इंग्रज कवी कीट्सची ‘इझाबेला’ (पॉट ऑफ बेसिल) मध्यभागी ठेवायची एवढं ठरलंय. श्रोते इंग्रजी चांगलं वाचतात, पण कवितेची सवय थोडी आणि जुन्या इंग्रजीची त्याहून थोडी.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा: फ्लॉरेन्समधल्या श्रीमंत व्यापारी भावांची बहीण इझाबेला त्यांच्याच पदरी काम करणाऱ्या लोरेन्झोवर प्रेम करते. भाऊ त्याला रानात नेऊन मारतात आणि पुरतात. त्याचं भूत तिला जागा सांगतं. ती प्रेत उकरते, शिर कापून घरी आणते, कुंडीत पुरून त्यावर बेसिल हे सुगंधी रोप लावते आणि आसवांनी ते वाढवते. भाऊ कुंडी चोरतात, ती झुरून मरते.

माझे प्रश्न तीन. कविता ६३ कडव्यांची आहे, पूर्ण वाचणं शक्य नाही, तर कापायची कुठे? शिर विंचरण्याच्या प्रसंगाला लोक हसतात असं ऐकलंय, ते कसं टाळायचं? आणि जोडीला दुसरी कुठली कविता घ्यावी?

सोनटक्का

आधी हिशेब. ६३ कडवी गुणिले ८, म्हणजे ५०४ ओळी. एका ओळीला सरासरी पाच सेकंद धरले तर सगळी कविता साधारण ४२ मिनिटांत होते. दीड तासात ती बसते, पण मग चर्चेला आणि दुसऱ्या कवितेला जागा उरत नाही. त्यामुळे निम्मी घ्या. मी सुचवतो ती कडवी: १, १४ ते १६, २१ ते २३, २६ ते २८, ३५ ते ४१, ४६ ते ५४, ५८ ते ६३. ही ३२ कडवी, २५६ ओळी, एकवीस-बावीस मिनिटं. मधले दुवे दोन-दोन वाक्यांत तोंडी सांगा.

बहुतेक जण १४ ते १६ ही कडवी गाळतात, कारण तिथे कथा थांबते आणि कवी भावांच्या संपत्तीवर बोलत राहतो. ती गाळू नका, कारण शिराचा प्रसंग त्यांच्यावरच उभा आहे. पंधराव्या कडव्यात सिलोनचा पाणबुड्या या भावांसाठी श्वास रोखून उपाशी शार्कच्या तोंडी जातो, त्याच्या कानांतून रक्त वाहतं. भाऊ मात्र घरी बसून एक हलकं चाक फिरवतात आणि दूर कुठेतरी माणसं पिळून निघतात. सोळाव्यात ‘ते गर्विष्ठ का होते?’ हा प्रश्न घणासारखा पुन्हापुन्हा येतो. (बर्नार्ड शॉने १९२१ मध्ये लिहिलं होतं की मार्क्सने ‘भांडवल’ऐवजी कविता लिहिली असती तर ती ‘इझाबेला’ झाली असती. श्रोत्यांना हे सांगायला हरकत नाही, पण कविता वाचून झाल्यावर.)

आता हे उकरण्याच्या प्रसंगाशी जोडून बघा. सेहेचाळिसाव्या कडव्यात इझाबेला सुरीने खणायला लागते, तेव्हा कीट्स म्हणतो की कंजूषही इतक्या आसक्तीने खणत नाही. एक्कावन्नाव्यात घरी आणलेल्या शिराला तो ‘प्राइझ’ म्हणतो. चोपन्नाव्यात ते पेटीत जपून ठेवलेलं ‘ज्वेल’ होतं आणि सुगंधी पानांच्या रूपाने वर येतं. कंजूष, बक्षीस, रत्न, पेटी, हे सगळे शब्द भावांच्या दुनियेतले आहेत. बहीण तेच शब्द एका कुजणाऱ्या शिरासाठी वापरायला लावते. भावांची संपत्ती कशी मिळाली हे ज्याने ऐकलेलं नाही, त्याला शिर हा नुसता ओंगळ तपशील वाटतो. आणि तो हसतो, कारण दुसरं काय करायचं हे त्याला कवितेने सांगितलेलंच नसतं.

हसू येण्याचं दुसरं कारण छंदात आहे. हा ओत्तावा रिमा: आठ ओळी, यमक अबअबअब आणि शेवटी कक. सहा ओळी एकमेकींत गुंतून पुढे सरकतात आणि शेवटच्या दोन टाळी दिल्यासारख्या बंद होतात. बायरनने १८१८च्या ‘बेप्पो’त आणि पुढे ‘डॉन जुआन’मध्ये नेमक्या त्याच जोडओळीचा विनोदासाठी उपयोग केला. म्हणजे छंदातच हसवण्याची सोय आहे. वाचणाऱ्याने शेवटच्या यमकावर जोर दिला की भीषण कडवंसुद्धा चुटक्यासारखं संपतं. उपाय साधा आहे. सहाव्या ओळीनंतर थांबायचं नाही, सातवी-आठवी एका श्वासात घ्यायची आणि शेवटच्या शब्दावर आवाज चढवायचा नाही. खरा विराम आठवीनंतर.

सत्तेचाळिसाव्या कडव्यावर याचा सराव करा. तिला मातीत त्याचा मळलेला हातमोजा सापडतो, त्यावर तिनेच जांभळ्या रेशमाने नक्षी भरलेली असते. ती तो चुंबून छातीशी ठेवते, तो तिला हाडांपर्यंत गोठवतो आणि ती पुन्हा खणायला लागते, मध्येमध्ये फक्त तोंडावर येणारे केस मागे सारते. शेवटची जोडओळ एवढीच आहे: काम आणि केस. इतकी साधी वाचली की सभागृहात हालचाल होत नाही.

मोहर

सोनटक्का यांच्या यादीला अनुमोदन. फक्त ३४वं कडवंही घ्या, त्याशिवाय ‘ते एक दर्शन होतं’ ही ३५ची सुरुवात अधांतरी वाटते.

चौदाव्या शतकातला इटालियन लेखक बोकाच्चिओ याची मूळ गोष्ट सोबत ठेवली तर कीट्सने काय केलं ते ठसठशीत दिसतं. ‘डेकॅमेरॉन’ या त्याच्या कथासंग्रहातल्या चौथ्या दिवसाची पाचवी गोष्ट. ती मेसिनात घडते, भाऊ तीन आहेत आणि खून करण्यामागे घराची बदनामी टाळणं हा हेतू आहे. कीट्सने गाव फ्लॉरेन्स केलं, भाऊ दोन केले आणि हेतू बदलला: बहिणीला एखाद्या बड्या सरदाराच्या आणि त्याच्या ऑलिव्हच्या बागांच्या गळ्यात बांधायचं आहे. अब्रूची जागा सौद्याने घेतली.

त्याहून मोठा फरक प्रेताचा. बोकाच्चिओकडे ती उकरते तेव्हा प्रेत जराही सडलेलं नसतं. तिला सगळं शरीर न्यायचं असतं, ते जमणार नाही हे दिसतं, म्हणून शिर घेते. उकरणं आणि कापणं मिळून काही वाक्यांत संपतं. कीट्सने न सडण्याची ती सवलत काढून टाकली. त्याच्याकडे खणायलाच तीन तास लागतात, म्हातारी दाई वाकून मदत करते, चिखल लडबडलेला आहे आणि तो आसवांनी धुवावा लागतो. शेवटी भाऊ चोरलेली कुंडी तपासतात तेव्हा आत जे निघतं ते हिरव्या-काळपट डागांनी विद्रूप झालेलं असतं, तरी चेहरा लोरेन्झोचाच आहे हे त्यांना कळतं. बोकाच्चिओचे भाऊ त्याला कुरळ्या केसांवरून ओळखतात.

आणि खून? खून एका ओळीत. ‘लोरेन्झो तिथे मारला गेला आणि पुरला गेला’, बस्स. घाव नाही, किंकाळी नाही. पुढच्या ओळींत भाऊ तलवारी पाण्यात बुडवतात आणि घोड्यांना टाच मारून परत फिरतात. मारण्याला एक ओळ आणि ४६ ते ५२ ही सात कडवी, म्हणजे ५६ ओळी, उकरण्याला, कापण्याला, धुण्याला आणि लावण्याला. या प्रमाणातच कवितेचा अर्थ आहे असं माझं मत. भीषण जे आहे ते सगळं तिच्या हातांनी होतं आणि ते प्रेमाचंच काम आहे. म्हणून ती कडवी वाचताना भुताटकीचा आवाज लावणं ही सर्वांत मोठी चूक. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या शांत लगबगीने वाचा.

कीट्सला ही लगबग माहीत होती. त्याने गाईज रुग्णालयात वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं, १८१६ मध्ये औषधनिर्मात्याचा परवाना मिळवला होता आणि एप्रिल १८१८ मध्ये ही कविता पुरी होत असताना तो टीनमथला क्षयाने आजारी असलेल्या धाकट्या भावाजवळ, टॉमजवळ, राहत होता. टॉम त्याच वर्षी डिसेंबरात गेला. कवितेचा अर्थ चरित्रातून काढू नये, पण सोन्याच्या कंगव्याने केस सारखे करणं, एकेक पापणी नीट टोकदार करणं, हे तपशील कुठल्या नजरेने टिपलेत एवढं यातून समजतं.

२७व्या कडव्यातली ती प्रसिद्ध जागा विसरू नका: दोघे भाऊ आणि ‘त्यांनी मारलेला माणूस’ घोड्यांवरून फ्लॉरेन्स ओलांडतात. लोरेन्झो तेव्हा जिवंत आहे, हसतखेळत चाललाय. एका विशेषणात त्याचा शेवट सांगून टाकलाय. निबंधकार चार्ल्स लॅमने १८२० मध्येच याचं कौतुक केलं होतं. त्या शब्दावर जोर देऊ नका. ज्याच्या लक्षात येईल तो आपोआप दचकेल.

काळा_कातळ

जोडीच्या कवितेबद्दल: ब्युर्गरची ‘लेनोरे’. जर्मन, १७७३ मध्ये लिहिलेली, पुढच्या वर्षी छापलेली. हीच बहुतेक पुढच्या प्रेतप्रेमकथांची आई. १७९६ मध्ये विल्यम टेलर आणि वॉल्टर स्कॉट या दोघांची इंग्रजी रूपांतरं आली आणि इंग्लंडमध्ये या प्रकाराची लाट उठली. स्कॉटचं ‘विल्यम अँड हेलन’ तुमच्या श्रोत्यांना झेपेल.

कथा: प्रागच्या लढाईला (१७५७) गेलेला विल्हेल्म परत येत नाही. लेनोरे आईशी भांडते, देवाला बोल लावते. रात्री घोड्याच्या टापा वाजतात, विल्हेल्म तिला शंभर मैलांवरच्या वरातीच्या शेजेकडे घेऊन निघतो. ती शेज केवढी असं ती विचारते; सहा फळ्या आणि दोन छोट्या फळ्या, असं उत्तर येतं. ऐकणाऱ्याला शवपेटी कळते, तिला कळत नाही. प्रवासात ‘मेलेल्यांची भीती वाटते का?’ हा प्रश्न तीनदा येतो. शेवटी दफनभूमीत स्वाराच्या अंगावरचे कपडे, मग कातडी गळून पडते.

मूळ कविता ३२ कडव्यांची, प्रत्येकी ८ ओळी. म्हणजे तुमच्या कापलेल्या ‘इझाबेला’इतकीच, पण ओळी आखूड, त्यामुळे पंधरा-सोळा मिनिटांत होते. ओळींतले ठोके ४-३-४-३ आणि मग ४-४-३-३. इथे सोनटक्का यांनी सांगितलं त्याच्या नेमकं उलट करायचं: यमक वाजू द्या, वेग वाढवत न्या, टापांचे ध्वनी पूर्ण आवाजात घ्या. ‘लेनोरे’ घोड्यावर बसलेली कविता आहे, ती हळू वाचली की मरते. आधी ‘लेनोरे’, मग ‘इझाबेला’, हा क्रम ठेवा. जोरात धावलेल्या श्रोत्यांना त्यानंतर तीन तास खणणारी बाई दाखवली की त्या संथपणाचं वजन जाणवतं.

लोक एक चूक हमखास करतात: आईबरोबरचा संवाद (पाचव्या कडव्यापासून पुढची सात-आठ कडवी) कंटाळवाणा म्हणून उडवतात. तो गेला की घोडेस्वार का आला हेच कळत नाही. तिने देवाशी मांडलेल्या भांडणाचं ते उत्तर आहे आणि कवितेच्या शेवटी भुतं नाचत तेच म्हणतात.

मोहर

क्रम पटला. पण दोन्ही कविता एकाच पठडीतल्या असं श्रोत्यांना सांगू नका. ‘लेनोरे’त भीषण हे शिक्षा म्हणून येतं. ‘इझाबेला’त शिक्षा नाही. भूत तिला घाबरवायला येत नाही, पत्ता सांगायला येतं. अडतिसाव्या कडव्यात पत्ता अगदी काटेकोर आहे: डोक्याशी लाल रानबोरांसारखी फळं लवलेली, पायांवर मोठा गारगोटीचा दगड, भोवती बीच आणि चेस्टनटची पानं-काटेरी फळं पडतायत, नदीपलीकडून मेंढवाड्याचा आवाज येतो. भूत म्हणतं की तुझा फिकटपणा पाहून मला बरं वाटतं, तुझं सौंदर्य माझ्यावर चढत जातंय. मेल्यावर प्रेम कमी झालेलं नाही, वाढलंय. ते कडवं (चाळिसावं) मला सगळ्या कवितेत सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं, शिरापेक्षाही.

वेळ असेल तर तिसरी म्हणून जर्मन कवी गटेची ‘कोरिंथची वधू’ (१७९७) घ्या. २८ कडवी, सात-सात ओळींची. अथेन्सहून आलेला तरुण सासरी मुक्कामाला उतरतो, मध्यरात्री एक मुलगी खोलीत येते, सोन्याची साखळी देते आणि त्याच्या केसांची बट मागते. भाकरीला हात लावत नाही, गडद दारू मात्र अधाशासारखी पिते. तिच्या छातीत ठोका नसतो. आई नवी ख्रिस्ती झालेली, तिने नवसापोटी मुलगी धर्माला दिली आणि मुलगी त्यात मेली. मूळ सूत्र ट्रालेसच्या फ्लेगॉनच्या जुन्या ग्रीक गोष्टीतलं. शेवटी मुलगी आईकडे मागते ते एकच, आम्हा दोघांना एका चितेवर जाळ. तिन्ही कवितांत जिवंत कुटुंबाने काय केलं ते विचारा, चर्चा आपोआप रंगते.

कोलरिजची ‘क्रिस्टाबेल’ अपुरी आहे आणि बायरनची ‘जाऊर’ तेराशेहून जास्त ओळींची, तुकड्यातुकड्यांची. दीड तासात दोन्ही नकोत.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार, यादी छापून घेतोय. आणखी दोन शंका. ४९व्या कडव्यात निवेदक मध्येच म्हणतो की हा किड्यांचा तपशील कशाला, जुन्या कथेतला मऊपणा हवा असेल तर तीच वाचा. सत्रात ते रसभंग करणार नाही का? आणि मराठी सारांशात ‘बेसिल’ला तुळस म्हणावं का?

सोनटक्का

४९वं गाळू नका. कविता तिथे स्वतःकडे बघते. दोनच पावलांवर शिर कापायचं आहे आणि निवेदकाचा पाय अडखळतो. तो वाचकाला म्हणतो, इथे थांबून जुनी गोष्ट वाच. आणि लगेच ५०व्यात सुरी चालते. त्या एका कडव्याने श्रोत्यांनाही अडखळू देता, मग पुढचं ऐकायला ते तयार असतात. ते काढलंत तर ४८ वरून थेट ५० वर उडी पडते आणि नेमकं तिथेच हसू फुटतं.

गाळायचंच असेल तर ४२वं गाळा. भूत गेल्यावर ती ‘हा! हा!’ म्हणते. तो हसण्याचा आवाज नाही, जग इतकं क्रूर आहे हे आताच कळल्याचा उद्गार आहे, पण सभागृहात तो हसण्यासारखाच ऐकू येतो. माझ्या यादीत ते नाहीच. ५९च्या शेवटी ती अंडी उबवणाऱ्या पक्षिणीसारखी कुंडीपाशी बसते, केसांआडून रडत. तीही जागा डळमळीत आहे. तिथे वेग जरासुद्धा कमी करू नका, लगेच ६०मध्ये शिरा.

स्वतः कीट्सला या धोक्याची कल्पना होती. सप्टेंबर १८१९च्या वुडहाउस या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ही कविता छापायला नको म्हटलं, लोक तिची सहज टिंगल करतील आणि तिच्यात जगण्याचा अनुभव कमी पडलाय असं त्याचं म्हणणं. तरी १८२०च्या संग्रहात ती आली, आणि संग्रहाच्या नावातही. त्याचं स्वतःविषयीचं हे मत सत्राच्या शेवटी वाचून दाखवा आणि श्रोत्यांना पटतं का विचारा. मला पटत नाही. १४ ते १६मधला राग अननुभवी माणसाचा नाही.

मोहर

तुळस म्हणू नका. आपण ज्याचं बी सब्जा म्हणून खातो ते रोप हे. तुळस म्हटलं की वृंदावन, पूजा, तुळशीचं लग्न हे सगळं ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहतं आणि प्रेताशेजारी ते ठेवायला तो धजत नाही. सारांशात ‘बेसिल’च ठेवा आणि एकदाच सांगा की हे सब्ज्याचं रोप. बोकाच्चिओकडे ते सालेर्नोचं बेसिल आहे आणि ती त्याला गुलाबपाणी, संत्र्याच्या फुलांचं पाणी किंवा आसवं घालते. रोप इतकं फोफावतं त्याचं कारणही तो सरळ सांगतो: आतल्या सडणाऱ्या शिराने माती कसदार झालेली.

सारांश गद्यातच करा. आठ ओळींचं अबअबअबकक मराठीत ओढूनताणून आणलं तर तिसऱ्या ‘ब’पाशी यमकासाठी शब्द कोंबावे लागतात आणि भीषण प्रसंगात कोंबलेला शब्द लगेच ऐकू येतो. पद्यातच हवं असेल तर ओवी घ्या. तिचा चौथा आखूड चरण बिनयमकाचा असतो, त्यामुळे टाळीसारखी बंद होणारी जोडओळ येतच नाही.

काळा_कातळ

चित्रं दाखवणार असाल तर वाचनानंतर. इंग्रज चित्रकार मिलेचं ‘इझाबेला’ (१८४९, लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत) जेवणाच्या मेजाचं आहे: एक भाऊ अडकित्त्याने आक्रोड फोडतोय आणि लांब पाय पसरून कुत्र्याला लाथ घालतोय, लोरेन्झो तिच्यापुढे कापलेलं लाल संत्रं धरतोय, मागे सज्जात कुंड्या. पुढचं सगळं त्या मेजावर आधीच मांडलेलं आहे, पण कथा माहीत असेल तरच दिसतं. हॉलमन हंटचं १८६८चं चित्र (न्यूकॅसलच्या लेंग गॅलरीत) कुंडीला मिठी मारून उभी असलेली इझाबेला दाखवतं. ते देखणं आहे आणि म्हणूनच आधी दाखवलं तर घात होतो: श्रोते त्या देखणेपणाच्या चष्म्यातून ४६ ते ५४ ऐकतात आणि माती, सुरी, तीन तास हे काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

वेळेचं गणित असं बसेल: दहा मिनिटं ओळख, सोळा ‘लेनोरे’, पाच श्वास घ्यायला, बावीस ‘इझाबेला’, सात चित्रं. तीस मिनिटं चर्चेला उरतात. ‘कोरिंथची वधू’ त्यात कोंबू नका, तिचा सारांश चर्चेत तोंडी सांगा.